मॉनिटर बदलताना पेशंटकडे कोण बघतं?

कोयनानगरहून पेशंट कराडला न्यायचा म्हणजे काय, हे पाटण खोऱ्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता, मध्ये पाटण, मल्हारपेठ, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. उलट्या दिशेला निघालात तर कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की इथे छातीत दुखू लागलेला माणूस आणि हृदयरोगतज्ज्ञ यांच्यामध्ये साधारण तासाभराचा, कधी त्याहून जास्त वेळाचा रस्ता असतो.

आज आपण एक वेगळीच गोष्ट मोजू. या प्रवासात पेशंट एकूण किती स्क्रीनवर दिसतो?

समजा, तुमच्या घरातले तात्या आहेत. जवळच्या दवाखान्यात त्यांच्या छातीवर इलेक्ट्रोड चिकटवले आणि मॉनिटर सुरू केला. हा पहिला स्क्रीन. १०८ची गाडी आली, तिच्यातला मॉनिटर दुसरा. कराडला कॅज्युअल्टीत तिसरा. तिथून कॅथलॅबला नेताना स्ट्रेचरवर ठेवलेला छोटा मॉनिटर चौथा, कॅथलॅबमधला पाचवा. मग आयसीयूत बेडशेजारचा सहावा आणि सिस्टरच्या टेबलावरचा सेंट्रल मॉनिटर सातवा. तात्या तेच, हृदय तेच, स्क्रीन सात.

जवळजवळ प्रत्येक बदलात जुन्या वायरी काढायच्या आणि नव्या लावायच्या. त्याच वेळी तात्यांना उचलायचं, सलाईनची बाटली धरायची, ऑक्सिजनची नळी बदलायची, कागद द्यायचे. सगळ्यांचे हात गुंतलेले. या मधल्या मिनिट-दोन मिनिटांत तात्यांच्या हृदयाकडे कोण बघत असतं? मशीन तरी बघत नसतं.

हा वेळ किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. हार्ट अटॅकनंतर हृदयाची लय अचानक बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं. रक्त पुढे ढकललं जात नाही. अशा वेळी छाती दाबणं आणि शॉक देणं सुरू झालं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणूनच पेशंटवरची नजर न हलवता स्क्रीन कसा बदलायचा, हा संशोधनाचा विषय आहे. माझं पीएचडीचं काम याच्याच आसपासचं आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

तीन कामं, एक डबा

मॉनिटर नावाचा डबा खरं तर तीन कामं करतो. मोजतो, दाखवतो आणि गरज पडली की ओरडतो. हृदयाचे ठोके, रक्तातला ऑक्सिजन, श्वास हे मोजणं झालं. स्क्रीनवर हिरवी रेघ धावते ते दाखवणं. आणि ठोके फार कमी किंवा फार जास्त झाले की अलार्म वाजतो, ते ओरडणं.

वायरीवाल्या मॉनिटरमध्ये ही तिन्ही कामं एकाच डब्यात असतात. म्हणून डबा बदलला की तिन्ही एकदम बंद पडतात आणि नव्या डब्यात एकदम सुरू होतात.

खरं तर मोजणं आणि बघणं वेगळं करायची कल्पना ईसीजीइतकीच जुनी आहे. डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांचं ईसीजी यंत्र इतकं अवजड होतं, की ते पेशंटपाशी नेणं शक्य नव्हतं. म्हणून १९०५ मध्ये त्यांनी लायडनच्या इस्पितळातून सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेवरून ईसीजीचा सिग्नल नेला. पेशंट तिथे, रेघ इथे. पुढे १९४०च्या दशकात अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी रेडिओवरून ईसीजी पाठवून दाखवला. त्यासाठीचं यंत्र पाठीवर बांधावं लागे आणि त्याचं वजन जवळपास ३८ किलो होतं! आज तेच काम छातीवर चिकटवलेली एक पट्टी करते.

आता सोय अशी झाली, की मोजणारी पट्टी तात्यांच्या अंगावरच राहते आणि स्क्रीन तेवढे बदलत जातात. वायर काढायची नाही, लावायची नाही. मग प्रश्न सुटला का? नाही. तो फक्त वायरीतून हवेत गेला.

सोडा आणि जोडा: सोपी पण घातक पद्धत

मोबाइलचा ब्लूटूथ हेडफोन आठवा. तो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर न्यायचा तर आधी पहिला फोन सोडवायचा, मग दुसऱ्याला जोडायचा. मधे गाणं तुटतं. गाण्याचं ठीक आहे, पण ठोक्यांचं नाही.

शिवाय जोडणी तुटल्याचं दुसऱ्या बाजूला लगेच कळतच नाही. काही वेळ काहीच ऐकू आलं नाही, की उपकरण ठरवतं, ‘गेलं बहुतेक.’ कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये ही वाट बघण्याची मुदत ०.१ सेकंदापासून ३२ सेकंदांपर्यंत कितीही ठेवता येते. फार कमी ठेवली, तर कोणी मधून चालत गेलं तरी जोडणी तुटल्याची बोंब होणार. फार जास्त ठेवली, तर अर्धा मिनिट स्क्रीनला पत्ताच नाही. आणि त्या अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर ‘७२’ हा शेवटचा आकडा तसाच राहिला तर? रिकामा स्क्रीन निदान खोटं बोलत नाही, थिजलेला आकडा बोलतो. म्हणून पहिला साधा नियम: माहिती ताजी नसेल तर आकडा पुसला पाहिजे किंवा तो जुना आहे हे ठळक दिसलं पाहिजे.

आधी जोडा, मग सोडा

दुसरा नियम आपल्या भागातल्या लोकांना लवकर कळेल. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात एखादा जनित्र संच चालू केला, की तो तसाच ग्रिडला जोडत नाहीत. आधी त्याची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास, ग्रिडच्या वारंवारतेशी जुळवतात. व्होल्टेज जुळवतात. लहरीचा चढ-उतार ग्रिडच्या चढ-उताराशी जुळला, की मगच स्विच टाकतात. नंतर भार हळूहळू नव्या संचावर घ्यायचा आणि मग जुना थांबवायचा. तुमच्या घरातला दिवा लुकलुकतही नाही.

स्क्रीन बदलतानाही हेच करायचं. आजच्या ब्लूटूथमध्ये एक सेन्सर एकाच वेळी दोन उपकरणांशी जोडलेला राहू शकतो. कॅज्युअल्टीच्या दारात गाडीतला मॉनिटर अजून चालू असतानाच आतला मॉनिटर तात्यांच्या पट्टीशी जोडून घ्यायचा. काही सेकंद दोन्हीकडे तीच रेघ धावू द्यायची. जुळली की मग गाडीतला सोडायचा. दोन ठिकाणी पाठवायचं म्हणजे पट्टीची बॅटरी जास्त खर्च होते. म्हणून ही दुहेरी जोडणी कायम न ठेवता फक्त हस्तांतराच्या वेळेपुरती ठेवतात.

जुळली हे कसं ठरवायचं? घड्याळावर विसंबता येत नाही. गाडीतल्या मॉनिटरचं घड्याळ आणि इस्पितळाचं घड्याळ यांत दोन-चार मिनिटांचा फरक असला तर आश्चर्य वाटायला नको. म्हणून पट्टीच प्रत्येक मोजणीला क्रमांक देते. नव्या स्क्रीनला १०,००१ पासून पुढे मिळालं आणि जुन्याकडे १०,००० पर्यंत आहे, तर धागा तुटलेला नाही. मधले क्रमांक नसतील तर नेमकं काय राहिलं, ते मागून घेता येतं.

मागचं जवळ ठेवा

मागून घ्यायचं तर ते कुठे तरी साठवलेलं असायला हवं. यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे ती पट्टीच.

हिशेब करून बघू. ईसीजीची एक रेघ सेकंदाला २५० वेळा मोजली आणि प्रत्येक मोजणीला २ बाइट लागले, तर सेकंदाला ५०० बाइट. तीन रेघा धरल्या तर १,५००. तासाचे ३,६०० सेकंद, म्हणजे ५४ लाख बाइट, साधारण ५.४ मेगाबाइट. मोबाइलवर काढलेल्या एक-दोन फोटोंएवढी जागा! कोयनानगर ते कराड हा अख्खा प्रवास पट्टीच्या आत मावतो. वाटेत नेटवर्क असो वा नसो.

मोजणाऱ्याजवळच नोंद ठेवण्याची किंमत कोयनानगरला चांगली ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात धरणाच्या आतल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने हादऱ्यांची नोंद जागच्या जागी केली. ती नोंद कुठे पाठवण्यावर अवलंबून नव्हती. काँक्रीटची धरणं भूकंपात कशी वागतात हे तपासणारे जगभरातले अभियंते आजही ती नोंद वापरतात.

साठवलेल्या नोंदीचा आणखी एक उपयोग आहे, तो पटकन लक्षात येत नाही. नवा मॉनिटर जोडला, की या पेशंटचा नेहमीचा ठोका कसा दिसतो हे ओळखायला त्याला थोडा वेळ लागतो. त्याशिवाय विचित्र ठोका कोणता, हे तो कसा ठरवणार? पण जोडताक्षणी त्याला मागच्या अर्ध्या मिनिटाची नोंद दिली, तर तो शिकूनच कामावर येतो.

मात्र इथे एक फसगत आहे. नंतर भरून काढलेली नोंद डॉक्टरांना इतिहास म्हणून उपयोगी पडते, अलार्म म्हणून नाही. दोन मिनिटांपूर्वी तात्यांचं हृदय थांबलं होतं, हे आत्ता कळून काय उपयोग? साठवणीमुळे नोंद अखंड राहते, पण नजर अखंड राहीलच असं नाही. ‘आमच्या सिस्टिममध्ये काहीच माहिती हरवत नाही’ असं कोणी म्हणालं, तर पुढचा प्रश्न विचारा: ‘हरवत नाही ठीक, पण वेळेवर कोणाला कळतं?’

ओरडायचं कोणी?

खरी मेख इथे आहे. चित्र दोन स्क्रीनवर दिसलं तरी बिघडत नाही. पण अलार्मची जबाबदारी नेमकी कोणाची?

कडेवरचं मूल दुसऱ्याच्या हातात देताना आपण काय करतो? समोरच्याने नीट धरल्याची खात्री झाल्यावरच आपला हात काढतो. अलार्मचंही तसंच करायचं. नवा स्क्रीन म्हणतो, ‘मला द्या.’ जुना म्हणतो, ‘घे, पण या पेशंटची माहितीही घे.’ कारण अलार्मच्या मर्यादाही सोबत जाव्या लागतात. तात्या ठोके कमी करणारी गोळी घेतात, म्हणून गाडीतल्या डॉक्टरांनी खालची मर्यादा ४५ केली असेल आणि नव्या मॉनिटरवर मुळातच ५० असेल, तर पोचताच विनाकारण बोंबाबोंब. उलट गाडीत अलार्म दोन मिनिटांसाठी गप्प केला असेल आणि ती गप्पी नव्या मॉनिटरकडे तशीच गेली, तर तिथल्या सिस्टरना कळणारच नाही. मर्यादा नेऊन दाखवायच्या, पण गप्पी न्यायची नाही, असं मला वाटतं.

मग नवा म्हणतो, ‘घेतलं.’ आणि जुना सोडतो. पण ‘घेतलं’ हा निरोपच हवेत हरवला तर?

संगणकशास्त्रात याला दोन सेनापतींचं कोडं म्हणतात. आपण पाटणच्या आसपासचेच गड घेऊ. समजा, दातेगडावर एक तुकडी आहे आणि गुणवंतगडावर दुसरी. दोघींनी एकाच वेळी चाल केली तरच जिंकणार. दातेगडाहून जासूद निघाला, ‘उद्या पहाटे.’ तो पोचला का, हे कळायला गुणवंतगडाहून उलट जासूद हवा. पण तो उलट जासूद पोचला, हे गुणवंतगडाला कसं कळणार? त्यासाठी आणखी एक. कितीही जासूद पाठवा, शेवटच्याबद्दल शंका राहतेच. निरोप हरवू शकत असेल, तर दोन्ही बाजूंना शंभर टक्के खात्री कधीच मिळत नाही. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे जास्त चांगली मशीन घेऊन ते टळत नाही.

मग करायचं काय? खात्री मिळणार नसेल, तर चूक कोणत्या बाजूला झालेली चालेल ते आधी ठरवायचं. दोन स्क्रीन एकदम ओरडले तर त्रास होईल. एकही ओरडला नाही तर माणूस जाईल. म्हणून नियम असा: शंका असेल तोवर जुन्याने सोडायचं नाही. काही सेकंद दोन मालक चालतील, पण बिनमालकाचा एक क्षणही नको.

पण १०८ची गाडी दारात किती वेळ थांबणार? २०१४ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रासाठी ९३७ गाड्या होत्या. तिला पुढच्या कॉलला जायचंच आहे. जुना स्क्रीन ‘माझी जबाबदारी’ म्हणत दहा किलोमीटर लांब निघून गेला तर? म्हणून तिसरी बाजू लागते, ती म्हणजे तात्यांच्या अंगावरची पट्टी. जो मालक असेल त्याने दर काही सेकंदांनी पट्टीला ‘मी आहे’ असं सांगत राहायचं. ठरलेल्या वेळात कोणीच बोललं नाही, तर पट्टीने स्वतःच बीप करायचं. आवाज बारीक असेल, पण तात्यांच्या शेजारी असलेल्या माणसाला, कदाचित तुम्हालाच, तो ऐकू येईल.

अलार्मसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६०६०१-१-८ मध्येही हा फरक केलेला आहे. अलार्मची माहिती लांब कुठे तरी नुसती दाखवणं वेगळं आणि ती पोचल्याची खातरजमा करणारी व्यवस्था वेगळी. पहिलीच्या भरवशावर पेशंटला सोडून जाता येत नाही.

तात्यांचीच रेघ आहे ना?

कोणी म्हणेल, एवढं कशाला? जो स्क्रीन जवळ आहे त्याला आपोआप जोडून टाका. मोबाइल नाही का टॉवर बदलत!

फरक असा, की मोबाइलने चुकीचा टॉवर धरला तरी फोन तुमचाच राहतो. इथे कॅज्युअल्टीत दोन स्ट्रेचर शेजारी शेजारी असतात. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात, भिंतींवरून परततात. तात्या कुशीवर वळले तर शेजारच्या बेडचा मॉनिटरच ‘जवळचा’ वाटू शकतो. तात्यांची रेघ दुसऱ्याच्या नावाखाली गेली, तर औषध भलत्यालाच दिलं जाईल. रिकाम्या स्क्रीनपेक्षा हे वाईट, कारण सगळं व्यवस्थित चाललंय असं दिसतं.

म्हणून मशीनने सुचवावं आणि माणसाने ठरवावं. मनगटावरच्या पट्ट्याचा बारकोड स्कॅन करायचा, स्क्रीनवर नाव दिसलं की सिस्टरनी बटण दाबायचं. यात दोन-तीन सेकंद जातात. आधी जोडून मग सोडत असू, तर ते सेकंद कोणाच्या जिवावर येत नाहीत.

मग हे सगळीकडे का नाही?

तुकड्या-तुकड्यांत आहे. मोठ्या इस्पितळांत एकाच कंपनीचे मॉनिटर असले, तर बेडवरून ट्रान्सपोर्टवर आणि परत बेडवर पेशंट बऱ्यापैकी सुरळीत जातो. गोव्यातल्या स्टेमी प्रकल्पासारख्या ठिकाणी आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी लांबच्या तज्ज्ञाला लगेच दिसतो, आणि त्याचा मोठा उपयोग आहे. पण तो एक फोटो असतो. अखंड धागा गाडीतून इस्पितळापर्यंत नेणं हे वेगळं काम आहे.

अडचण मुख्यतः भाषेची आहे. गाडीतला मॉनिटर एका कंपनीचा, कॅज्युअल्टीतला दुसऱ्या, आयसीयूतला तिसऱ्या. प्रत्येकाची बोली वेगळी. वैद्यकीय उपकरणांनी एकमेकांशी कसं बोलावं यासाठी आयईईई ११०७३ नावाची मानकं आहेत. पण खरेदीच्या वेळी ती अट घातली तरच ती इस्पितळात येतात.

दुसरी अडचण हवेची. १९९८ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे एका टीव्ही केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आणि तिथल्या एका मोठ्या इस्पितळातली बिनतारी हृदय-निरीक्षण यंत्रणा बंद पडली. दोघं एकच वारंवारता वापरत होते. त्यानंतर २००० मध्ये तिथे वैद्यकीय टेलिमेट्रीसाठी वेगळे पट्टे राखून ठेवले. ब्लूटूथ आणि वायफाय वापरणारी उपकरणं मात्र वॉर्डातल्या प्रत्येकाच्या मोबाइलबरोबर त्याच हवेत दाटीवाटीने राहतात.

म्हणून आज तरी, तुमचं माणूस स्ट्रेचरवरून बेडवर जात असेल तेव्हा वायरी निघतील आणि लागतील हे धरून चला. डॉक्टर-सिस्टरच्या कामात मधे न येता एक गोष्ट तुम्ही करू शकता. घाईगडबड ओसरली की नव्या स्क्रीनवर नाव बरोबर आहे का ते बघा, आणि शांतपणे विचारा, ‘सिस्टर, आता यांचा अलार्म कुठे वाजतो? तिथे कोण आहे?’ सिस्टरनी लगेच बोट दाखवलं तर उत्तमच. त्यांना क्षणभर विचार करावा लागला, तरी तुमच्या प्रश्नाचं काम झालं.

वॉर्डात अलार्म इतके वाजतात की शेवटी ते कोणाला ऐकूच येईनासे होतात. अलार्म पोचवणं वेगळं आणि माणसाने तो ऐकणं वेगळं. त्याबद्दल पुढच्या लेखात.